साडेअकरा इंचांची शेपटी

दप्तरातली ती ३० सेंटिमीटरची पट्टी काढा बरं. काढली? आता जवळजवळ त्या पट्टीएवढी लांब, पण सुतळीएवढी बारीक, हिरवट रंगाची एक नळी डोळ्यांपुढे आणा. नळीचं वरचं टोक एका पांढऱ्याशुभ्र, मेणचट, चांदणीच्या आकाराच्या फुलाला जोडलेलं. खालचं टोक बंद. त्या बंद टोकाशी, अगदी तळाला, जेमतेम दीड इंच मध. बाकी सगळी नळी रिकामी. सांगा, हा मध प्यायचा कुणी आणि कसा?

“मुंगी शिरेल की आत,” धाकटी म्हणाली.

शिरेलही. पण मुंगी नुसता मध पिऊन परत येईल, फुलाच्या पदरात काय पडेल? फूल मधाचा धर्मादाय चालवत नाही, बाळ. या फुलाचे पराग त्या फुलाला पोचवण्याची ती हमाली असते. तेव्हा प्रश्न असा, की हा हमाल कोण?

हाच प्रश्न जानेवारी १८६२ मध्ये इंग्लंडातल्या केंट परगण्यात, डाउन नावाच्या खेड्यात एका आजारी माणसाला पडला. पन्नाशी उलटलेली, पोटाच्या दुखण्यानं बेजार, घराबाहेर फारसं पडणं नाही. नाव चार्ल्स डार्विन. जेम्स बेटमन नावाच्या ऑर्किडवेड्या श्रीमंतानं त्याला फुलांची पेटी पाठवली होती, तीत हे शेपटीवालं फूल निघालं. मूळ गाव मादागास्कर, आफ्रिकेच्या पूर्वेचं ते मोठं बेट. शास्त्रीय नाव अँग्रेकम सेस्क्विपेडाली. ऑर्किडना आपल्या मराठीत आमरी म्हणतात. ही मादागास्करी आमरी. युरोपातल्या काचघरांत ती नाताळच्या सुमारास फुलते, म्हणून लोक तिला बेथलेहेमचा तारा म्हणू लागले. गंमत बघा, ज्या फुलावरून पुढे विधात्याचं भांडण पेटलं, त्याला नाव मिळालं थेट येशूच्या जन्मकथेतलं.

डार्विननं नळी मोजली. साडेअकरा इंच. मग त्यानं काय करावं? पोथी लिहायला बसला नाही, फुलाशी खेळत बसला. आधी नळीत बारीक केस घालून पाहिले, मग सुया घातल्या. पराग हलेनात. आमरीचे पराग पिठासारखे सुटे नसतात, त्यांचे दोन गठ्ठे असतात आणि प्रत्येक गठ्ठ्याच्या बुडाला डिंकाची चकती. ती चकती कशाला तरी चिकटल्याशिवाय गठ्ठा जागचा सुटत नाही. मग त्याच्या डोक्यात आलं, की येणाऱ्याची सोंड बुडाशी जाड असणार. त्यानं इंचाच्या एक दशांश जाडीची गोल कांडी घेतली, नळीच्या तोंडाशी असलेल्या फटीतून पार आत दाबली आणि मागे ओढली. कांडीला परागांचे गठ्ठे चिकटून आले!

आता नीट ऐका, गोष्टीची कळ इथं आहे. पाहुण्याची सोंड नळीहून चांगली लांब असेल, तर तो आरामात वरूनच मध ओढेल आणि डोकं फुलाला न लावता निघून जाईल. फूल फसलं. सोंड जेमतेम पुरत असेल, तर शेवटच्या थेंबासाठी त्याला डोकं त्या फटीत खुपसावंच लागेल, आणि तेवढ्यात डिंक चिकटणार. म्हणून डार्विननं त्याच वर्षी आमरींवरच्या आपल्या पुस्तकात छापून टाकलं, की मादागास्करमध्ये दहा-अकरा इंच सोंडेचे पतंग असले पाहिजेत, आणि ते नष्ट झाले तर हे फूलही नष्ट होईल. असा पतंग कुणी पाहिलेला नव्हता. काही कीटकतज्ज्ञांनी त्याची टिंगल केली. अंगापेक्षा सोंड मोठी कुणी ऐकली आहे?

“पण यात देव कुठे आला?” थोरल्याचा पेशन्स संपला.

येतोय. तो तर आधीपासूनच बसलेला होता. साठ वर्षांपूर्वी, १८०२ साली, विल्यम पॅली नावाच्या धर्मगुरूनं लिहिलं होतं, की माळावर चालताना पायाला दगड लागला तर कुणी काही विचारणार नाही, पण घड्याळ सापडलं तर ते कुणीतरी बनवलंय हे कबूल करावंच लागेल. मग डोळा, पंख, फूल ही तर घड्याळाहून नाजूक यंत्रं, त्यांचाही कारागीर असणारच. आजी म्हणते ना, मोराला रंगवणारा कुणीतरी आहेच, तेच. आणि पॅलीला मोडीत काढू नका. त्यानं प्रश्न अगदी बरोबर पकडला होता: सजीवांचे अवयव कामाला इतके चपखल का? डार्विन तरुणपणी केंब्रिजला पाद्री होण्यासाठीच शिकत होता आणि पॅली त्यानं आवडीनं वाचला होता. प्रश्न पॅलीचाच, उत्तर तेवढं डार्विननं १८५९ साली बदललं: कारागीर नव्हे, नैसर्गिक निवड.

ते उत्तर न पटलेल्यांत एक बडी असामी होती. आर्गाइलचे ड्यूक, जॉर्ज कॅम्बेल. हे गृहस्थ १८६८ ते १८७४ भारतमंत्री होते, म्हणजे लंडनमध्ये बसून आपल्यावर राज्य चालवणारे. पण अडाणी नव्हेत. निसर्गाचा चांगला अभ्यास होता. भारतमंत्री होण्याच्या आदल्याच वर्षी, १८६७ मध्ये, त्यांनी ‘द रेन ऑफ लॉ’ नावाचं पुस्तक काढलं आणि त्यात नेमकं हेच फूल हाती घेतलं. त्यांचा मुद्दा मोठा चलाख होता. ते म्हणाले, डार्विन फुलाचा एकेक भाग कशासाठी आहे हे फार सुंदर सांगतो, पण सांगताना पदोपदी युक्ती, योजना, हेतू हीच भाषा वापरतो. मग हेतू कुणाचा? आणि ही नळी एवढी लांब झाली कशी असं विचारलं की मात्र त्याचं बोलणं धूसर होतं.

खोटं नव्हतं ते. मला विचाराल तर डार्विनवरचा हा वार बिशपांच्या आरडाओरड्यापेक्षा कितीतरी धारदार होता.

उत्तर दिलं आल्फ्रेड रसेल वॉलेसनं. डार्विनसारखा घरचा श्रीमंत नव्हता तो. मलाया आणि इंडोनेशियाच्या बेटांवर आठ वर्षं फुलपाखरं, भुंगे, पक्षी गोळा करून विकून पोट भरलेला माणूस. तापानं फणफणला असताना नैसर्गिक निवडीची कल्पना त्यालाही स्वतंत्रपणे सुचली होती. ड्यूकसाहेबांचं पुस्तक आलं त्याच वर्षी त्यानं लेख लिहिला आणि धूसर जागा टप्प्याटप्प्यानं उघडून दाखवली.

समजा, म्हणाला तो, फार पूर्वी नळी आखूड होती. पण सगळ्या फुलांची सारखी नव्हती; तुमच्या वर्गात सगळ्यांची उंची कुठे सारखी असते? कुणाची थोडी लांब, कुणाची थोडी आखूड. पतंगांच्या सोंडांचंही तेच. ज्या फुलाची नळी लांब, तिथं पतंगाला डोकं खुपसावं लागायचं, पराग पोचायचे, बिया जास्त धरायच्या. आखूड नळीच्या फुलांचा मध वरच्या वर जायचा. पुढच्या पिढीत साहजिकच लांब नळीची झाडं जास्त. आता ज्या पतंगाची सोंड लांब, त्याला या फुलांतला मध तळापर्यंत मिळायचा, तो धष्टपुष्ट, त्याची पिलावळ जास्त. सोंडा लांबल्या, की पुन्हा तिथल्या त्यात लांब नळीच्या फुलांचं फावायचं. कुणी ठरवलं नव्हतं साडेअकरा इंच. फुलाला नको इतक्या लांब सोंडेचा पतंग हवा होता असंही नाही. दोघं एकमेकांना रेटत गेले, हजारो पिढ्या.

एवढं लिहून वॉलेस थांबला असता तर ती नुसती बतावणी ठरली असती. तो ब्रिटिश म्युझियममध्ये गेला आणि खोक्यांतल्या पतंगांच्या सोंडा मोजत बसला. दक्षिण अमेरिकेतल्या एका पतंगाची सोंड सव्वानऊ इंच भरली. आफ्रिकेतल्या मॉर्गनी नावाच्या पतंगाची साडेसात. दोनतीन इंचांचाच काय तो फरक! मग त्यानं बेधडक लिहिलं, की असा पतंग मादागास्करमध्ये आहे असं खुशाल समजा आणि शोधा, नेपच्यून शोधणाऱ्यांइतक्याच खात्रीनं. नेपच्यूनची गोष्ट तेव्हा ताजी होती. १८४६ साली आधी कागदावर गणित मांडून मग दुर्बिणीत तो ग्रह सापडला होता. लेखासोबत त्यानं त्या न पाहिलेल्या पतंगाचं चित्रसुद्धा काढवून घेतलं.

१८७३ मध्ये ब्राझीलहून बातमी आली, दहा-अकरा इंच सोंडेचा पतंग मिळाला, सोंडेची निदान वीस वेटोळी पडतात म्हणून. म्हणजे असा प्राणी असूच शकत नाही ही टिंगल तरी संपली. पण मादागास्कर गप्प. १८८२ मध्ये डार्विन गेला. आणि १९०३ साली वॉल्टर रॉथशिल्ड आणि कार्ल जॉर्डन यांनी मादागास्करच्या एका पतंगाचं वर्णन छापलं आणि त्याला नावच दिलं ‘प्रेडिक्टा’, भाकीत केलेला. कुणाचा भाऊ निघाला माहीत आहे? त्याच आफ्रिकेतल्या मॉर्गनीचा, ज्याची सोंड वॉलेसनं खोक्यात मोजली होती! तेव्हा वॉलेस ऐंशीचा झाला होता. २०२१ मध्ये संशोधकांनी या पतंगाला मॉर्गनीपासून वेगळी, स्वतंत्र जात मानलं. तेव्हा मोजलेली सर्वांत लांब सोंड होती २८.५ सेंटिमीटर. ती पट्टी पुन्हा बघा एकदा.

एवढ्या लांब जायला नको, आपल्याकडेही या घराण्यातली मंडळी आहेत. रताळ्याच्या वेलावर शेपटीला काटा असलेली जाडजूड अळी बघितली असेल. तिचा जो करडा पतंग होतो त्याचीही सोंड अंगापेक्षा लांब. आणि पावसाळ्यात कासच्या पठारावर गेलात तर गवतातून डोकं काढलेली पांढरी हबेनारिया आमरी वाकून बघा, तोडू नका. फुलामागे लांबलचक नळी लोंबताना दिसेल. पांढरा रंग, लांब नळी, मुक्काम रात्रीच्या पाहुण्याचा, मादागास्करचीच रीत.

इतका वेळ गप्प बसलेल्या धाकटीनं आता बरोबर कळीचा प्रश्न टाकला. “पण आजोबा, देवानंच दोघांची जोडी जमवली असेल तर? फूलही त्यानंच केलं, पतंगही त्यानंच.”

शाबास. पुस्तकं लिहिणारेसुद्धा इथं घसरतात. पतंग सापडला, डार्विन जिंकला, म्हणून टाळ्या पिटतात. नुसत्या पतंगानं निकाल लागत नाही. ड्यूकसाहेबही म्हणू शकत होते, की नळी आहे तर सोंड असणारच, विधाता काय अर्धवट काम करतो? तेव्हा पतंग बाजूला ठेवू आणि फुलाची शिवण उसवून बघू.

ही आजीची गोधडी बघा. वरून किती देखणी. उलटी केली की हे आजोबांचं जुनं धोतर, हा आत्याचा परकर, ही फाटलेली साडी. नवं कापड एक वीतभर नाही. आमरीचं फूल उलटं करून डार्विनला हेच दिसलं. आमरीचे लांबचे नातेवाईक म्हणजे लिली. लिलीला सहा पुंकेसर, आणि परागकण झेलणाऱ्या कुक्षीचे तीन भाग. बहुतेक आमरींत कामाचा पुंकेसर उरतो एकच, तोही स्त्रीकेसराला चिकटून बसलेला. आणि तो डिंक कुठून आला? कुक्षीच्या तीन भागांपैकी दोन अजून पराग झेलतात, तिसऱ्यानं ते काम सोडून डिंक करायला घेतलं. नवा अवयव नाहीच, जुन्यालाच नवी नोकरी.

आणि याहून नामी एक उदाहरण. आमरीची एक पाकळी ओठासारखी पुढे आलेली असते, कीटकाला उतरायला ओटा. कळीत हा ओठ असतो वरच्या बाजूला, जिथं त्याचा काही उपयोग नाही. मग फूल काय करतं? देठापाशी बीजांडकोशाला अर्धा पीळ देतं, १८० अंश, आणि ओठ खाली आणतं. सीतेची वेणी झाडावरून लोंबताना दिसली तर त्यात गल्लत कराल, तिथं घोसच उलटा लोंबतो; पण जमिनीवर उभ्या वाढणाऱ्या आमरीचं फूल जवळून बघितलंत तर पीळ नुसत्या डोळ्यांना दिसतो. बरं, इंग्लंडच्या दलदलीत मॅलॅक्सिस नावाची एक इटुकली हिरवट आमरी आहे. तिला ओठ वरच हवा. मग पीळ द्यायचाच नव्हता, नाही का? पण नाही. ती पूर्ण पीळ देते, ३६० अंश, आणि ओठ जिथं होता तिथंच परत आणून ठेवते!

कोरा कागद घेऊन बसलेला कारागीर असं करील का? ज्याच्या आजीपणजीला अर्धा पीळ द्यायची सवय लागून गेली होती, तो मात्र असंच करील. सवय मोडत नाही, म्हणून आणखी अर्धा पीळ. डार्विनचं म्हणणं हे होतं. सुबकपणापेक्षा हा वेडगळपणाच जास्त बोलतो. सुबक वस्तूचं श्रेय कुणालाही देता येतं. दुरुस्त्या आणि ठिगळं मात्र इतिहास सांगतात.

आणि वॉलेसचा तो टप्प्याटप्प्याचा हिशेब? तोही पुढे तपासून झाला. १९८८ मध्ये अँडर्स निल्सन नावाच्या स्वीडिश संशोधकानं स्वीडनमधल्या आमरींच्या मधाच्या नळ्या कृत्रिमरीत्या आखूड केल्या आणि पतंगांना येऊ दिलं. आखूड नळीच्या फुलांचे पराग कमी गेले, त्यांना मिळालेही कमी. आता याचा अर्थ सगळे शास्त्रज्ञ गळ्यात गळे घालून बसले असा घेऊ नका. लुट्झ वासरथाल नावाचे जर्मन संशोधक म्हणतात, सोंडा फुलांमुळे लांबल्याच नाहीत; फुलात दबा धरून बसणाऱ्या कोळ्यांपासून लांब राहून पिता यावं म्हणून त्या लांबल्या आणि फुलं मागाहून त्यांच्या मापाला आली. भांडण चालू आहे. पण दोन्ही बाजू मोजून-मापून भांडतात, हे महत्त्वाचं.

“म्हणजे देव नाही, असं सिद्ध झालं?” थोरल्याचं लगेच.

फुलाला तसलं काही सिद्ध करायची हौस नव्हती. डार्विनचा अमेरिकेतला खंदा वकील होता हार्वर्डचा वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे, आणि तो नियमानं चर्चला जाणारा. चार्ल्स किंग्जली नावाच्या पाद्र्यानं तर १८५९ मध्येच डार्विनला कळवलं होतं, की स्वतःहून घडत जाणारी सृष्टी निर्माण करणारा देव त्याला जास्त थोर वाटतो. आणि पतंगाचा खटला जिंकून देणारा वॉलेस? तो तर परलोकविद्येच्या नादी लागलेला. १८६९ मध्ये त्यानं लिहिलं, की बाकी सगळं नैसर्गिक निवडीनं, पण माणसाच्या मेंदूला वरच्या शक्तीचा हात लागला असणार. डार्विनला वाईट वाटलं. डार्विन स्वतः शेवटी एवढंच म्हणायचा, की आपण अज्ञेयवादी आहोत. तेव्हा तुमची आजी संध्याकाळी देवापुढे दिवा लावते त्याच्याशी या नळीचं भांडण नाही. भांडण आहे ते ‘देवानं केलं’ एवढं म्हणून मोजपट्टी खाली ठेवणाऱ्यांशी. त्या उत्तरात दोन इंचांची सोंडही बसते, अकरा इंचांचीही बसते, पीळही बसतो आणि बिनपिळाचंही बसतं. ज्यात सगळंच बसतं, त्यातून पुढे काय शोधायचं ते कळत नाही.

हे सगळं जुनंपानं नाही बरं का. जानेवारी २०१८ मध्ये आपल्या औरंगाबादेत एका संमेलनात खुद्द केंद्रातले एक राज्यमंत्री म्हणाले, की डार्विन चूक आहे. माकडाचा माणूस झालेला आपल्या पूर्वजांनी कुठे पाहिल्याचं सांगितलेलं नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांना एकत्र पत्रक काढून याचा इन्कार करावा लागला. अरे, कुणी पाहिलं हाच निकष लावला, तर १८६२ मध्ये तो पतंग तरी कुणी पाहिला होता? पुढे २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला तेव्हा १८००हून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी पत्रावर सह्या करून विरोध केला. थोरल्या, तू राज्य मंडळाचा, म्हणून विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ तुला शिकायला मिळाला. नुसता घोकला असशील तर पुन्हा वाच. बारावीला जीवशास्त्र घेणाऱ्यांनीच हे शिकावं आणि बाकीच्यांनी दहावीनंतर याचं तोंडही पाहू नये, हे मला साफ नामंजूर आहे.

आणि ज्याला पुढे खरोखरच या वाटेनं जायचंय त्याच्यासाठी काम शिल्लक आहे. त्याच मादागास्करमध्ये अँग्रेकम लाँगिकॅल्कर नावाची दुसरी एक आमरी आहे. तिची नळी जवळजवळ ४० सेंटिमीटर, म्हणजे तुमची पट्टीसुद्धा पुरणार नाही. १९९१ मध्ये जीन क्रिट्स्की नावाच्या अमेरिकी कीटकतज्ज्ञानं डार्विनचाच कित्ता गिरवून सांगून ठेवलंय, की हिच्यासाठीही तेवढ्या सोंडेचा पतंग असला पाहिजे. तो अजून कुणालाही सापडलेला नाही. जाणार असाल तर लवकर जा. ही आमरी जंगलात फार थोडी उरली आहे आणि तिथली जंगलं झपाट्यानं तुटतायत.